टॅरंटुलाचे पिल्लू अन्नाला तोंड का लावत नाही?

पोलंडहून आलेले एक टपाल पार्सल जुलै २०२१ मध्ये चेन्नईच्या हवाई सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी उघडले, तेव्हा त्यातून प्लास्टिकच्या १०७ छोट्या कुप्या निघाल्या. चंदेरी वर्ख आणि कापूस यांत गुंडाळलेल्या या प्रत्येक कुपीत एक जिवंत कोळी होता. हे कोळी टॅरंटुला कुळातील असावेत, असा अंदाज तज्ज्ञांनी व्यक्त केला. आयातीचा परवाना नसल्याने पार्सल जप्त झाले आणि ते पोलंडला परत पाठवण्याचे ठरले.

भारतात ही बातमी नवलाची ठरली असली, तरी अशा कुप्यांची ने-आण युरोप-अमेरिकेत नित्याची आहे. पोलंड, जर्मनी, ब्रिटन आणि अमेरिका या देशांत टॅरंटुला पाळणाऱ्या छांदिष्टांची संख्या मोठी असून, बंदिवासात जन्मलेली पिल्ले तेथे कायदेशीररीत्या विकली जातात. पिल्लू स्वस्त असते, त्याचे वय ठाऊक असते आणि त्यासाठी जंगलातील कोळी पकडावा लागत नाही. हे सारे खरे असले तरी पिल्लू घरी आल्यावर बहुतेक नवख्या मालकांपुढे एकच प्रश्न उभा राहतो, तो म्हणजे हे काही खात का नाही?

चित्र साधारणतः ठरलेले असते. कुपीतून मुगाच्या दाण्याएवढा जीव बाहेर पडतो. मालक मोठ्या हौसेने त्याच्यापुढे एक रातकिडा सोडतो. पिल्लू पाय आखडून कोपऱ्यात बसते, नाही तर मातीत दडी मारते. दुसऱ्या दिवशी पुन्हा रातकिडा, तिसऱ्या दिवशी दुसरा किडा, चौथ्या दिवशी चिमट्याने ढोसून पाहणे. आठवडा उलटतो तोवर मालक पुरता धास्तावलेला असतो. या धास्तीपोटी जे उपाय केले जातात, ते उपासापेक्षा अधिक घातक ठरतात. मादी टॅरंटुला वीस वर्षे आणि त्याहून अधिक जगू शकते. परंतु पाळलेल्या पिल्लांपैकी अनेकांचे आयुष्य पहिल्या काही आठवड्यांतच संपते आणि त्याला भुकेपेक्षा कोरडेपणा व हाताळणी अधिक कारणीभूत असते.

उपास म्हणजे उपासमार नव्हे

टॅरंटुलाच्या थेरॅफोसिडी या कुळात एक हजाराहून अधिक जातींची नोंद झाली आहे. या सर्वांचा जीवनक्रम दबा धरून बसण्याचा आहे. भक्ष्य शोधत भटकण्यात शक्ती खर्च न करता बिळाच्या तोंडाशी बसून राहायचे आणि जे येईल ते पकडायचे, ही त्यांची रीत. त्यामुळे शरीराचा व्यय अत्यंत कमी असतो. पूर्ण वाढ झालेला टॅरंटुला पाणी मिळत राहिल्यास अनेक महिने अन्नावाचून राहू शकतो. चिली देशातील गुलाबी झाक असलेली जात तर तिच्या दीर्घ उपासांसाठी छांदिष्टांत कुप्रसिद्धच आहे. पिल्लाची शिदोरी एवढी मोठी नसते, हे मान्य. तरीही ते आठवडाभर, प्रसंगी काही आठवडे न खाता सुखरूप राहते.

या सवयीमागे मूळ प्रदेशातील ऋतुचक्रही आहे. पाळण्यासाठी सर्वाधिक पसंती मिळालेल्या जातींपैकी एक म्हणजे मेक्सिकोची लाल गुडघ्यांची टॅरंटुला. दुकानांतून विकली जाणारी ही जात दीर्घकाळ एकाच नावाने ओळखली जाई. २०१७ मधील एका अभ्यासानंतर तिच्या दोन जाती वेगळ्या मानल्या जाऊ लागल्या आणि बाजारात बहुतांशी आढळणारी जात ब्रॅकिपेल्मा हॅमोरी असल्याचे स्पष्ट झाले. ही जात मेक्सिकोच्या प्रशांत किनाऱ्यालगतच्या हालिस्को, कोलिमा आणि मिचोआकान या राज्यांत राहते. तेथे जून ते ऑक्टोबर पाऊस आणि उरलेले महिने कोरडे, म्हणजे जवळपास कोकणासारखेच वेळापत्रक. कोरड्या दिवसांत किडे कमी असतात आणि कोळी बिळात स्वस्थ बसतात. सुकाळात खावे व दुष्काळात थांबावे, हा स्वभाव पिल्लू उपजतच घेऊन येते.

अंड्यांच्या कोषातून बाहेर पडल्यावरही प्रारंभी पिल्लू खातच नाही. एका कोषातून शेकडो पिल्ले निघतात आणि पहिल्या अवस्थेत ती पोटातील बलकावर जगतात. पुढे कात टाकून त्यांची अंगकाठी पक्की झाली की मगच शिकार सुरू होते. जबाबदार विक्रेते पिल्लू खाऊ लागल्याची खात्री झाल्यावरच ते विकतात. विकत घेताना ‘शेवटची कात केव्हा टाकली आणि शेवटचे केव्हा खाल्ले’ हे विचारून घेतले, तर पुढची निम्मी चिंता मिटते.

आधी पाणी, मग अन्न

टपालातून आलेले पिल्लू दोन-तीन दिवस अंधारात, हेलकावे खात प्रवास करून आलेले असते. त्याला आठ डोळे असले तरी दृष्टी अधू असते. जग त्याला कळते ते पायांवरील सूक्ष्म केसांतून आणि जमिनीच्या कंपनांतून. अशा जीवाला प्रवास म्हणजे अखंड भूकंपच. म्हणून जाणकार पाळणारे पहिले तीन ते सात दिवस अन्नाचा विचारच करत नाहीत. पिल्लाला त्याच्या घरात सोडायचे, पाणी द्यायचे आणि डबी अंधाऱ्या, स्थिर जागी ठेवायची. टीव्ही, ध्वनिक्षेपक किंवा धुलाई यंत्र यांच्याजवळची जागा टाळलेली बरी.

हे घर मोठे असण्याची गरज नसते. जेमतेम एक सेंटिमीटर पाय-पसारा असलेल्या पिल्लाला औषधाच्या छोट्या बाटलीएवढी डबी पुरते. प्रशस्त काचपेटीत ठेवल्यास पिल्लू एकीकडे आणि किडा दुसरीकडे, अशी स्थिती होऊन दोघांची गाठच पडत नाही. डबीत नारळाच्या सोडणाचा भुसा किंवा स्वच्छ माती पुरेशी खोलवर दाबून भरावी आणि पेन्सिलीच्या टोकाने कडेला एक तिरपे भोक पाडून ठेवावे. बिळासाठी सुरुवात आयती मिळाली की बहुतेक पिल्ले तेथेच मुक्काम करतात. स्वतःचे बीळ आणि त्याच्या तोंडाशी रेशमाचे अस्तर तयार झाल्यावर पिल्लू शिकारीला सज्ज होते. झाकणाला हवेसाठी छिद्रे हवीत. मात्र ती पिल्लाच्या शिरोवक्षापेक्षा लहान असावीत, अन्यथा सकाळी डबी रिकामी आढळते.

पाण्याला एवढे महत्त्व का, हे कोळ्याच्या पायांकडे पाहिल्यास उमगते. त्याच्या पायांत आत वळवणारे स्नायू असतात, परंतु मुख्य सांधे सरळ करणारे स्नायू नसतात. पाय लांब होतात ते शरीरातील द्रव दाबाने पायांत ढकलला जातो म्हणून. शरीरातील पाणी घटले की हा दाब कमी पडतो आणि पाय हळूहळू पोटाखाली मुडपू लागतात. अशा स्थितीतील पिल्लाला कितीही चांगला किडा दिला तरी ते झेप घेऊ शकत नाही. मोठ्यांच्या अंगावर बाहेरून मेणचट थर असतो, पिल्लांत तो फारच पातळ असल्याने ती लवकर सुकतात. त्यामुळे कोरड्या प्रदेशातील जातींच्याही पिल्लांना ओलाव्याची आवश्यकता असते.

उपाय सोपा आहे. मातीचा एक भाग ओलसर राखावा, दुसरा कोरडा ठेवावा आणि डबीच्या भिंतीवर पाण्याचा एखादा थेंब सोडावा. कोणता भाग सोयीचा, ते पिल्लू स्वतःच ठरवते. पाण्याच्या ताटलीत स्पंजचा तुकडा ठेवण्याची जुनी पद्धत आता बहुतेकांनी सोडून दिली आहे, कारण त्यातून पाणी पिणे कोळ्याला सोपे जात नाही आणि स्पंज कुजतो. पिल्लाच्या अंगावर थेट पाण्याचा फवारा मारणे हेही चूकच. ऊब देण्यासाठी दिवा लावण्याची हौस तर सर्वात महागात पडते. २२ ते २७ अंश सेल्सिअस तापमान बहुतेक जातींना मानवते. दिव्याची धग मात्र एवढ्याशा डबीतील ओल काही तासांत शोषून घेते.

मेलेला किडाही चालतो

आता प्रत्यक्ष अन्नाविषयी. टॅरंटुलाला फक्त जिवंत, धडपडणारे भक्ष्यच लागते, हा समज मोठ्या प्रमाणावर आढळतो. पिल्लांच्या बाबतीत तो खरा नाही. निसर्गात ही पिल्ले मेलेले किडेही खातात. अंगठ्याच्या नखापेक्षाही लहान असलेल्या पिल्लासमोर त्याच्याच आकाराचा जिवंत रातकिडा सोडला, तर भक्ष्य कोण आणि भक्षक कोण, हे सांगणे कठीण होते.

साधा नियम असा की, भक्ष्य पिल्लाच्या उदरापेक्षा मोठे नसावे. परदेशांतील दुकानांत टाचणीच्या डोक्याएवढे नवजात रातकिडे आणि न उडणाऱ्या फळमाश्या मिळतात. त्या न मिळाल्यास मोठ्या रातकिड्याची मागची मांडी कापून दिली जाते. हा तुकडा मांसल असतो आणि तो पळून जात नाही. पिठातील भुंगेऱ्याच्या अळीचा लहानसा तुकडाही चालतो. अळी अखंड द्यायची झाल्यास तिचे डोके आधी चिरडावे लागते, नाही तर ती मातीत शिरते आणि पुन्हा दिसत नाही. अंगणातून पकडलेले किडे मात्र टाळावेत. कीटकनाशकाचा जो अंश माणसाला जाणवतही नाही, तो या जीवाला पुरेसा असतो.

टॅरंटुला निशाचर आहे. तुकडा संध्याकाळी बिळाच्या तोंडाशी अलगद ठेवावा आणि दिवा मालवून निघून जावे, हेच उत्तम. मालक टक लावून बसला असता जेवण सुरू होईल, ही अपेक्षा व्यर्थ आहे. सकाळी पाहिल्यास तुकडा नाहीसा झालेला असतो किंवा जागेवरून हललेला असतो. कोळी घास गिळत नाही. तो भक्ष्यावर पाचक रस सोडतो, ते विरघळवतो आणि तोंडाशी असलेल्या केसांच्या गाळणीतून द्रव शोषून घेतो. मागे उरते ती चोथ्याची इवलीशी काळपट गोळी. ही गोळी सापडली की जेवण झाले, असे निःशंकपणे समजावे.

तुकडा तसाच पडून राहिला असेल, तर चोवीस तासांच्या आत तो काढून टाकणे अगत्याचे आहे. ओलसर डबीत राहिलेले अन्न बुरशी, माइट आणि बारीक माश्यांना आमंत्रण देते. त्यानंतर पुन्हा तीन-चार दिवस थांबावे. रोज नवा किडा दाखवत राहिल्याने भूक वाढत नाही, केवळ बेचैनी वाढते. खाऊ लागलेल्या पिल्लालाही आठवड्यातून एक-दोन वेळा देणे पुरेसे असते. जलद वाढावे म्हणून ठासून खाऊ घालण्याची प्रथा काही ठिकाणी आहे. फुगलेले, पातळ कातडीचे उदर थोड्याशा पडण्यानेही फुटू शकते, हे तेथे सोयीस्करपणे विसरले जाते.

उदर काय सांगते

पिल्लू खरोखर भुकेले आहे की नाही, हे दिवसांच्या हिशेबापेक्षा त्याच्या उदरावरून ओळखता येते. उदर शिरोवक्षाहून रुंद आणि गोल असेल, तर उपासाची चिंता करण्याचे कारण नाही. ते लहान, सुकलेल्या मनुकेसारखे सुरकुतलेले असेल, तर प्रथम पाणी द्यायला हवे. आणि ते टणक, चकचकीत आणि पूर्वीपेक्षा गडद झाले असेल, तर पिल्लू कात टाकण्याच्या तयारीत आहे. अन्न नाकारण्याचे सर्वात सामान्य कारण हेच होय. पिल्ले महिन्या-दोन महिन्यांनी कात टाकतात, म्हणजे विकत घेतलेले पिल्लू नेमके त्या टप्प्यावर असण्याची शक्यता बरीच असते. बिळाचे तोंड माती आणि रेशमाने बंद केले असेल, तर अनुमान पक्के. काही पिल्ले कित्येक आठवडे दार लावून बसतात. ‘आत मेले तर नाही ना’ या शंकेने बीळ उकरणारे मालक थोडे नाहीत. त्यातून एक सुखरूप कोळी आणि एक मोडलेले घर एवढेच हाती लागते, आणि तेही नशीब चांगले असल्यास.

जातीजातींत फरक आहेच. मेक्सिकोची लाल गुडघ्यांची पिल्ले संथ असतात, त्यांना प्रौढ होण्यास कित्येक वर्षे लागतात. याउलट झाडांच्या ढोलीत राहणाऱ्या पोसिलोथेरिया या प्रजातीची पिल्ले चपळ व खादाड असून झपाट्याने वाढतात. ही प्रजाती भारत आणि श्रीलंका यांची. तिच्यातील निळ्या रंगाची पोसिलोथेरिया मेटॅलिका ही जात १८९९ मध्ये आंध्र प्रदेशातील गुत्ती येथे मिळालेल्या नमुन्यावरून रेजिनाल्ड पोकॉक यांनी वर्णिली. आज जगभरातील छांदिष्टांच्या डब्यांत तिची पिल्ले वाढत आहेत, परंतु तिचे मूळ वसतिस्थान आंध्रातील शंभर चौरस किलोमीटरहून कमी जंगलापुरते उरले असून, आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने तिची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ म्हणून केली आहे. २०१९ मध्ये जिनिव्हा येथे झालेल्या साइट्स परिषदेत ही संपूर्ण प्रजाती परिशिष्ट दोनमध्ये घालण्यात आली. मेक्सिकोची लाल गुडघ्यांची टॅरंटुला त्या यादीत १९८५ पासून आहे. या यादीतील जातींचा सीमापार व्यापार परवान्यावाचून करता येत नाही. भारताच्या वन्यजीव संरक्षण कायद्यातही २०२२ च्या दुरुस्तीने साइट्सच्या यादीतील प्राण्यांसाठी स्वतंत्र तरतुदी आल्या आणि त्या १ एप्रिल २०२३ पासून लागू झाल्या. सह्याद्रीतही टॅरंटुलाच्या जाती आहेत. पावसाळ्यात घाटातील पायवाटेच्या कडेला, मातीच्या उभ्या कापात त्यांची रेशमाचे अस्तर लावलेली बिळे दिसतात. ती उकरून पिल्ले घरी आणण्याचा मोह होत असेल, तर तो तेथेच सोडून द्यावा. या प्राण्यांची भूक भागवण्याची व्यवस्था तेथे आधीपासूनच उत्तम आहे.

खरी चिंता केव्हा

चिंतेचे खरे लक्षण एकच, ते म्हणजे पिल्लू पालथे, म्हणजे पायांवर असताना पाय पोटाखाली मुडपलेले असणे आणि त्यासोबत उदर सुरकुतलेले असणे. अशा वेळी त्याला ओल्या कागदाच्या तुकड्यावर, हवा खेळत राहील अशा लहान डबीत काही तास ठेवतात व तोंडाजवळ पाण्याचा थेंब सोडतात. कित्येकदा पाय पुन्हा पसरतात, कित्येकदा नाही. एका कोषातील शेकडो पिल्लांपैकी निसर्गात मोजकीच प्रौढ होतात. काटेकोर काळजी घेऊनही एखादे दगावते, आणि त्यासाठी दर वेळी मालकालाच दोष देता येणार नाही.

याच्या अगदी उलट दिसणारे दृश्य मात्र आनंदाचे असते. पिल्लू उताणे पडलेले असते, पाय वर आणि हालचाल जवळपास शून्य. नवखा मालक ते मेले असे समजतो आणि काही जण तर ते टाकूनही देतात. टॅरंटुला मरताना सहसा उताणा होत नाही. उताणा होतो तो कात टाकण्यासाठी. शिरोवक्षावरचे कवच झाकणासारखे उघडते, उदराची कातडी फाटते आणि पाय एकेक करून जुन्या मोज्यांतून ओढून काढावेत तसे बाहेर येतात. पिल्लाला यासाठी तासभर किंवा त्याहूनही कमी वेळ लागतो, मोठ्याला कित्येक तास. या काळात डबी हलवणे, फुंकर घालणे, कुंचल्याने मदत करू पाहणे यांतले काहीही करू नये. एखादा जिवंत रातकिडा डबीत राहिला असेल, तर तो मात्र बिळाला धक्का न लावता त्वरित काढला पाहिजे, कारण मऊ पडलेल्या कोळ्याला रातकिडा कुरतडतो. न खाल्लेला किडा रात्रभर डबीत ठेवू नये, या नियमामागे हेच मोठे कारण आहे.

कात टाकल्यावरही घाई नको. जुन्या कातीबरोबर तोंडाचे आणि शोषक जठराचे आतील अस्तरही निघून गेलेले असते आणि नवे विषदंत दुधासारखे पांढरे व मऊ असतात. त्यांनी किड्याचे कवच भेदता येत नाही. पुढील काही दिवसांत ते तांबूस आणि मग काळे होतात. पिल्लांना यासाठी साधारण चार-पाच दिवस लागतात, प्रौढांना आठवडा-दोन आठवडे. तोवर फक्त पाणी. विषदंत काळे झाल्याचे दिसले की त्या संध्याकाळी रातकिड्याची एक मांडी बिळाच्या तोंडाशी ठेवावी. बराच काळ उपाशी असलेले पिल्लू अशा वेळी ती बहुधा सकाळपर्यंत शिल्लक ठेवत नाही.